मध्यान्ह व्याख्यान (लोकसंख्या व समाजसंशोधन)

विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता ऐकायचे छोटेखानी व्याख्यान. अमेरिकेत घरून आणलेले जेवण तपकिरी कागदी पिशवीतून नेत, त्यावरून तिकडे याला ‘ब्राउन बॅग’ म्हणतात. आपल्याकडे ‘डबा-व्याख्यान’ म्हटले तर कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. लोकसंख्याशास्त्राच्या केंद्रांनी ही पद्धत विशेष जपली. प्रिन्स्टन विद्यापीठात १९३६ साली लोकसंख्या संशोधन कार्यालय सुरू झाले. तिथली मंगळवार दुपारची व्याख्याने पहिले संचालक फ्रँक नोटस्टाइन यांच्या नावाने ओळखली जातात.

बेळगाव परिसराला व्याख्यान नवे नाही. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेच्या (१८७५) वळणाची संध्याकाळची व्याख्याने शहराला परिचित आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत तर साहित्य संमेलने भरतात. पण तिथे वक्ता आपले म्हणणे पक्के करून येतो आणि दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, आभार उरकेपर्यंत प्रश्नांना वेळ राहत नाही. दुपारच्या व्याख्यानात मांडतात ते कच्चे काम. अर्धा-पाऊण तास बोलणे, बाकी सगळे प्रश्न. श्रोते मोजके असले तरी वेगवेगळ्या विभागांतले हवेत : संख्याशास्त्राचा एखादा, समाजशास्त्राचे विद्यार्थी, जमल्यास वैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर. त्यातला कोणीतरी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारतो, “सर, छेदात कोण कोण धरलंय?” (म्हणजे टक्केवारी कोणाकोणाच्या एकूण संख्येवर काढली?) व्याख्यानाचे सार्थक बहुधा याच प्रश्नात होते.

सीमाभागात हा प्रश्न नुसता गणिताचा नाही. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती आणि मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १९ टक्के. पण छेद बदलून खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातले एखादे गाव घेतले, की चित्र उलटे होते. साठ-सत्तर वर्षांचा सीमावाद बऱ्याच अंशी हाच आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक धरले, तरी बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका वेगळा काढला. १९५६ साली तो मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला जिल्हा म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला गेला. महाराष्ट्राचा आग्रह खेडे हे एकक धरण्याचा. या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सांगितले. महाराष्ट्राला ते पटले नाही. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

अंशही, म्हणजे मराठी सांगणाऱ्यांचा आकडाही, दिसतो तितका सरळ नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आईने आपल्याशी बोललेली भाषा. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही अशा घरातला कर्ता माणूस मोजणीला आलेल्या प्रगणकाला सगळ्यांच्या वतीने एकच उत्तर देतो. ‘आरे’ अशी मातृभाषा सांगणाऱ्यांची गणती मराठीच्या गटात होते, हे कित्येक मराठी अभ्यासकांनाही ठाऊक नसते.

चंदगड वेगळा झाला तरी सोयरीक तुटली नाही. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्हीकडे आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. त्यामुळे खानापूरला नांदणाऱ्या लेकीचे मूल चंदगडच्या वहीत जाते, आणि चंदगडची अवघड बाळंतीण बेळगावच्या दवाखान्यात आली की तिचे मूल बेळगावच्या. नुसत्या नोंदवह्यांवरून जन्मदर काढणाऱ्याची इथे फसगत ठरलेली. म्हणून घरोघर जाऊन गरोदर बायकांची यादी करणे आणि बाळंतपणानंतरही माग ठेवणे, हीच खात्रीची वाट.

त्या वाटेने झालेले, ज्याचा जगभर दाखला दिला जातो असे एक काम याच जिल्ह्यातले आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागातल्या १,६२० बाळंतिणींवर चाचणी केली. प्रसूतीनंतर लगेच निम्म्या जणींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. देणाऱ्या गावच्या नर्सबाई. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

दुपारच्या व्याख्यानाच्या सोयीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तोच पुष्कळदा निर्णायक ठरतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०) शहराबाहेर भूतरामनहट्टीला आहे. संध्याकाळी सगळ्यांना घर गाठायची घाई असते. दुपारी मात्र माणसे जागेवर सापडतात. भाषेचे म्हणाल तर पडद्यावर इंग्रजी, बोलण्यात कन्नड-मराठीची सरमिसळ. व्याख्यान कोणत्या भाषेत व्हावे याचा ठराव करायला बसलात, तर डबे तसेच राहतील.

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातही नोंदली जाणार आहे. त्याआधी फेब्रुवारीत प्रगणक घरोघर फिरतील, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन ऊसगाळपाचा हंगाम. तेव्हा चिकोडी-अथणी पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या फडाशेजारी खोपी घालून असतात. दिवसभर फडात असलेल्या या कुटुंबांपर्यंत प्रगणक पोचला, तर ती बेळगाव जिल्ह्याच्या छेदात येतील.