गॅसची जुनी पाइप बदलायची म्हणजे अख्खा रस्ता खणायचा?

‘जमिनीखालची गॅसची पाइप बदलायची तर रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत खणावाच लागतो,’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो खरा नाही.

बिडाच्या जुन्या पाइपा अख्खा रस्ता न खणता बदलण्याचं ‘पाइप बर्स्टिंग’ हे तंत्र ब्रिटनमध्ये ब्रिटिश गॅसच्या सहभागाने 1970च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलं. आधी गॅस बंद करून पाइप रिकामी करतात. मग दोन टोकांना दोन खड्डे. एका खड्ड्यातलं यंत्र सळ्यांनी किंवा दोराने शंकूसारखं जाड डोकं जुन्या पाइपमधून ओढतं. बीड ठिसूळ, ते तडकतं, तुकडे आजूबाजूच्या मातीत दाबले जातात आणि डोक्यामागे बांधलेली पॉलिथिलीनची नवी पाइप त्याच वाटेने सरकत येते. पोलादी पाइप अशी फुटत नाही, ती पात्याच्या चाकाने चिरावी लागते.

खणणं शून्यावर येतं, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रत्येक घराच्या जोडणीपाशी छोटा खड्डा लागतोच. शेजारून वीजवाहिनी किंवा पाण्याची पाइप जात असेल तर तीही आधी उघडी करावी लागते, कारण सरकणारी माती तिला दाबू शकते. इथे कुदळ मारणं धोक्याचं. हवेच्या झोताने माती मोकळी करून ती ओढून घेणारं व्हॅक्यूम यंत्र वापरणं केव्हाही चांगलं. गॅस सोडण्यापूर्वी नव्या पाइपची दाबचाचणी झालीच पाहिजे.