मद्यमुक्ती मदतगट (कोकण)

दारू सोडू इच्छिणाऱ्या आणि सोडलेल्या माणसांनी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी एकत्र बसून आपले अनुभव सांगण्याची व दुसऱ्याचे ऐकण्याची पद्धत. या बैठकीत डॉक्टर वा समुपदेशक लागत नाही, फी नसते, हजेरीपटही नसतो. कोकणात नुसते ‘गट’ म्हटले की महिलांचा बचतगट समजला जातो. त्यामुळे बोलण्यात ‘मीटिंग’ किंवा ‘एए’ हेच शब्द चालतात. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस.

एएचा उगम अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरातला. न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातला बिल विल्सन आणि ॲक्रनचे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची पहिली भेट १२ मे १९३५ रोजी झाली. विल्सनची दारू डिसेंबर १९३४ मध्येच सुटली होती, तरी स्थापनादिन मानला जातो तो डॉ. बॉब यांनी शेवटचे मद्य घेतले तो दिवस. परंपरेने ही तारीख १० जून १९३५ सांगतात. हात थरथरू नयेत म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्यांना एक बाटली बिअर देण्यात आली, आणि तीच शेवटची, अशी कथा आहे. मात्र त्याआधी ते ॲटलांटिक सिटीच्या वैद्यकीय अधिवेशनाला गेले असताना पुन्हा प्याले होते, आणि ते अधिवेशन त्या वर्षी १० ते १४ जूनला भरले होते. म्हणून काही अभ्यासक १७ जूनच्या आसपासची तारीख धरतात. अधिवेशनाचे वेळापत्रक पाहता हे मत अधिक सयुक्तिक वाटते. संस्था मात्र जुनीच तारीख पाळते. तारीख कोणतीही धरली तरी मोजणी दुसऱ्या माणसापासून होते, हे महत्त्वाचे. एकट्याने सोडली तोवर गट नव्हता. ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक चळवळीतून आलेली कबुलीची रीत पुढे ‘बारा पावलां’त, म्हणजे दारूतून सुटण्याच्या बारा टप्प्यांत, मांडली गेली (१९३९).

भारतात एएचा आरंभ साधारणपणे १९५७ सालचा मानतात. त्या काळी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती. ‘मी पितो’ असे चारचौघांत म्हणणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखेच. नाव गुप्त ठेवण्याच्या तत्त्वाला त्यामुळे इथे वेगळीच धार असणार. उत्तर कोकणातील वसईत फादर जो परेरा यांच्या कृपा फाउंडेशनचे (१९८१) व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुण्याचे मुक्तांगण (१९८६) घाटावरचे. पण कोकणातून तिथे जाऊन आलेले पुष्कळ.

त्याआधी दारू सोडण्याच्या रीती नव्हत्या असे नाही. माळ घालून वारकरी होणे ही एक. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून शपथ घेणे ही दुसरी. याच दक्षिण कोकणात राखणदाराला (गावाची राखण करणाऱ्या देवाला) कोंबड्याबरोबर ‘सोरो’ही (दारूही) लागतो, म्हणजे शपथ एका देवापुढे आणि बाटली दुसऱ्यासाठी. माडी, ताडी, हातभट्टी, सिंधुदुर्गातली काजूची दारू यांची माहिती वाचकाला असेलच.

गटाचा पत्ता बहुधा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा आधी सुटलेल्या माणसाकडून मिळतो. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडून थेट गटात येणे धोक्याचे ठरू शकते. दोन-तीन दिवसांत झटके येणे, भास होणे, वात होणे घडते व ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी आधी दवाखाना, मग मीटिंग.

मीटिंग एक ते दीड तास चालते. शाळेचा वर्ग, चर्चची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या. सुरुवातीला मनःशांतीची प्रार्थना. मग एकेकाने ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून बोलायचे. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने टाकावे. बाहेरची देणगी घेतली जात नाही. ‘ओपन’ मीटिंगला घरचे बसू शकतात, ‘क्लोज्ड’ला नाही. पुन्हा प्यायला लागला तर ‘स्लिप झाली’ म्हणतात, आणि त्याने परत येऊन पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचे.

ही सगळी रचना अनोळखी माणसांच्या शहरासाठी झालेली आहे. वाडीत तसे कोणी नसते. शाळेच्या पडवीत चप्पल दिसली तरी ती कोणाची हे ओळखणारे गाव. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातला गट अनेकांना सोयीचा वाटतो. तिथे मात्र परतीच्या एसटीचा प्रश्न येतो. वस्तीची गाडी चुकेल म्हणून निघणाऱ्याला शेवटच्या चहाला थांबता येत नाही, आणि नव्या माणसाशी खरी ओळख त्या चहावरच होते. २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगांनी ही अडचण थोडी कमी केली. रेंज असेल तिथे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशाला वेळ असतो, आणि प्यायलाही तोच वेळ. शिमगा आणि गणपतीत चाकरमानी आले की जुने सोबती भेटतात. ते दिवस जपण्याचे समजतात.

परिणामकारकतेविषयी मतभेद होते. कॉक्रन ही वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था. तिच्या २००६ च्या आढाव्यात ठोस पुरावा आढळला नव्हता. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती धरून, बारा पावलांवर आधारित पद्धतशीर उपचार संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस आढळले. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले असल्याने त्यांचे आकडे कोकणाला जसेच्या तसे लावू नयेत.

कुटुंबीयांसाठी अल-अनॉन (१९५१) हा स्वतंत्र गट असतो.