लठ्ठपणाची जनुकीय प्रवणता

लठ्ठपणाची जनुकीय प्रवणता : आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमधील भेदांमुळे शरीरात जास्तीचा मेद साठण्याचा कमी-अधिक कल. हा कल व्यक्तीगणिक वेगळा असतो आणि काही अंशी लोकसमूहांगणिकही. जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातील फरकांचा साधारण ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. हा आकडा हटकून चुकीचा वाचला जातो. तो सारख्याच परिस्थितीत राहणाऱ्या माणसांमधील फरकाविषयी आहे. दोन समाजांच्या सरासरीत दिसणारा फरक जनुकांमुळेच पडला, असे त्यातून निघत नाही. ठाणे–नवी मुंबईचा पट्टा हे समजून घ्यायला सोयीचा आहे. मूळचे आगरी-कोळी, घाटावरून आलेले माथाडी कामगार, कोकणी, सिंधी, गुजराती, दक्षिणेकडचे आणि उत्तरेकडचे लोक येथे एकाच फलाटावर उतरतात आणि सगळ्यांचीच राहणी दोन पिढ्यांत पार बदलून गेली आहे.

क्वचित एकाच जनुकातील बिघाडाने लठ्ठपणा येतो. मेदपेशींतून निघणारे आणि साठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले. तीनच वर्षांनी ब्रिटनमधील पाकिस्तानी वंशाच्या, एकमेकांच्या नात्यातल्या दोन मुलांच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नसल्याचे आढळले. पुढे लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर अशा मुलांची न शमणारी भूक आटोक्यात आली. हा दोष दिसायला तो आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यात लग्ने होतात तेथे त्याचे प्रमाण वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातही अनेक समाजांत आहे. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच वजन झपाट्याने चढत असेल आणि जेवण होऊनही मूल भुकेने रडत असेल, तर ‘गुटगुटीत आहे’ म्हणून कौतुक करत बसू नये. यांतील काही दोषांवर सेटमेलॅनोटाइड हे औषध अमेरिकेत २०२० पासून मान्यताप्राप्त आहे.

बाकी बहुतेकांच्या बाबतीत शेकडो जनुकभेद थोडा-थोडा हातभार लावतात. त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे सोळाव्या गुणसूत्रावरील एफटीओ, २००७ मध्ये उजेडात आलेला. त्याच्या जोखमीच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून) असलेली युरोपीय प्रौढ व्यक्ती एकही प्रत नसलेल्यापेक्षा सरासरी सुमारे ३ किलोंनी जड असते. वर्तमानपत्रांनी त्याला लगेच ‘लठ्ठपणाचे जनुक’ ठरवून टाकले. मात्र २०१८ पर्यंत वजनाशी निगडित ९४१ जनुकभेद नोंदले गेले आणि ते सगळे मिळूनही बीएमआयमधील (किलोंतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) फरकाचा जेमतेम ६ टक्के भाग उलगडत होता.

लोकसमूहांत हे भेद सारख्या प्रमाणात नसतात. एफटीओची जोखमीची प्रत युरोपीयांत सुमारे ४० टक्के, दक्षिण आशियाई लोकांत ३० टक्क्यांच्या आसपास आणि पूर्व आशियात त्याहून बरीच कमी आढळते. सामोआ बेटांवर तर सीआरईबीआरएफ या जनुकाचा एक भेद सुमारे २६ टक्के प्रमाणात आहे. पॅसिफिक बेटांपलीकडे तो जवळपास नाहीच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याची एकेक प्रत बीएमआय सव्वा-दीड अंकांनी वाढवते आणि मधुमेहाचा धोका मात्र घटवते. दुष्काळात तगून राहायला उपयोगी पडलेली काटकसरी जनुके सुबत्तेच्या काळात नडतात, ही अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांची १९६२ ची कल्पना अशा शोधांमुळे पुन्हा चर्चेत आली. ती ऐकायला पटते. पण बहुतेक समूहांत तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

भारतीयांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एफटीओची जोखमीची प्रत युरोपीयांपेक्षा कमी असूनही भारतीयांना मधुमेह लवकर आणि कमी वजनावर गाठतो. लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांवरील २००८ च्या अभ्यासात एमसी४आर जनुकाजवळचा एक भेद त्यांच्यात ३६ टक्के, तर युरोपीयांत २७ टक्के आढळला. दोन्ही प्रती असणाऱ्यांच्या कमरेचा घेर सुमारे २ सेंटिमीटरने जास्त होता. वजनापेक्षा पोटावर भार टाकणारा हा भेद आहे. पुणे आणि म्हैसूर येथील लोकांच्या नमुन्यांवरून २००९ मध्ये असेही दिसले, की एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध भारतीयांत केवळ वाढलेल्या बीएमआयमधून समजावता येत नाही.

या विषयातले सर्वांत बोलके काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे उंची, स्नायू, पोटातील अवयव अशा सर्वच बाबतींत लहान होती. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छापली : दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. यातला सगळा वाटा जनुकांचा नाही. गरोदरपणातला आईचा आहार, विशेषतः ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, बाळाची घडण बदलते असे त्याच गावांतील पुढच्या नोंदींत दिसले. एखादी गोष्ट घराण्यात चालत आली म्हणजे ती जनुकांतूनच आली, असे नसते.

म्हणूनच भारतीयांसाठी निकष वेगळे आहेत : बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा (जागतिक निकषांत २५ आणि ३०), कमरेची मर्यादा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतील आरोग्य शिबिराचे उदाहरण घेऊ. १७० सेंटिमीटर उंचीचा, ६९ किलो वजनाचा, काटकुळ्या हातापायांचा गृहस्थ काट्यावर उभा राहतो. बीएमआय २३.९ येतो आणि जुन्या तक्त्यानुसार त्याला ‘नॉर्मल’ सांगितले जाते. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, सहज श्वास सोडल्यावर धरली, तर घेर ९४ भरतो. पँटचा नंबर विचारून भागत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

नवी मुंबईत जनुकांपलीकडची बाजू उघड्यावर दिसते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या घणसोली-कोपरखैरण्याच्या घरांतील नातवंडे आज महापे-ऐरोलीत दिवसभर संगणकासमोर बसतात. जनुके आजोबांचीच आहेत. अमेरिकेतील पिमा आदिवासींची कथा याच वळणाची आहे : वरच्या वसाहतींनी नदीचे पाणी वळवले, ॲरिझोनातील पिमांची शेती बुडाली आणि प्रौढांमधील मधुमेह पुढे ३८ टक्क्यांवर गेला, मेक्सिकोच्या डोंगरात कष्टाची शेती करणाऱ्या त्यांच्याच भाईबंदांत तो ६.९ टक्के होता. जनुकाचा परिणामही परिस्थितीनुसार बदलतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या आरोग्य-अभ्यासाच्या नोंदींत एफटीओचा वजनावरील परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांतच ठळक दिसतो. आणि दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या २०११ च्या विश्लेषणात शरीरश्रम करणाऱ्यांमध्ये त्या जनुकाने वाढणारी जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळली. तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाड्याला आणि त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एकच जनुकभेद सारखा नडेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमचा लठ्ठपणाचा धोका’ सांगणाऱ्या खासगी चाचण्यांची जाहिरात शहरांत जोरात असते. त्यांमागची, अनेक जनुकभेदांची बेरीज करून काढलेली जोखमीची गुणांकने मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेली असल्याने भारतीयांत ती कमी अचूक ठरतात. १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जीनोम इंडिया प्रकल्पातून २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली, त्यामुळे ही त्रुटी भरून यायला सुरुवात होईल. तोवर आई-वडिलांना मधुमेह कितव्या वर्षी जडला हे विचारणे फुकट आहे आणि जास्त उपयोगाचे.

‘अमक्या जातीची हाडेच जड’ अशी विधाने लग्नाच्या बोलणीपासून जिमपर्यंत सर्रास ऐकू येतात. भारतात जातीअंतर्गत विवाहांची प्रथा सुमारे दोन हजार वर्षांपासून घट्ट होत गेली आणि तिच्या खुणा जनुकांत उमटल्या आहेत. पण त्याचा मुख्य परिणाम म्हणजे काही समाजांत विशिष्ट दुर्मीळ आनुवंशिक आजारांचे प्रमाण वाढणे. शेकडो भेदांनी ठरणाऱ्या वजनाच्या बाबतीत एकाच जातीतील दोन माणसांमधला जनुकीय फरक दोन जातींच्या सरासरीतील फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.