शब्द नसलेली गाणी: गिटारवरच्या आमच्या अल्बमविषयी

काउंटरवर आधी हेच विचारलं जातं, "ह्यात गातंय कोण?" कोणीच नाही. मांडो, दुलपद, देखणी, फुगडी आणि धालो या गोव्यातल्या गाण्यांच्या चाली फक्त गिटारवर वाजवल्या आहेत. सोबतीला घुमट हे तालवाद्य, तेही दोनच ठिकाणी.

अल्बमचा निम्मा भाग मांडोचा आहे. मांडो गातात दोन आवाजांत. दुसरा आवाज पहिल्याला धरून, बहुतेक वेळा तिसऱ्या सुरावर चालतो. गिटारवर हे छान बसतं. अंगठा खालचा सूर धरून ठेवतो आणि दोन बोटं दोन तारांवर दोन्ही आवाज एकदम काढतात. पहिल्या खेपेला वरचा आवाज ऐका, दुसऱ्या खेपेला खालचा. चाल सहा मात्रांची आणि संथ. घाईत ऐकलेत तर सगळे मांडो सारखेच वाटतील, हे आधीच सांगून ठेवतो.

फुगडीने मात्र आम्हाला दमवलं. तिचा जीव पायांत आणि टाळ्यांत. म्हणून वादकाने तारा तळव्याने दाबून लाकडावर थाप दिली आहे. तो ठोका ऐकून एका आजींनी "सीडी बिघडलीय" म्हणत ती परत आणली होती. बिघडलेली नव्हती.

घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. उघड्या तोंडावर डावा हात उघडझाप केला की आवाज बदलतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता त्याला कायद्याने बंदी आहे. आमच्या घुमटाला बकऱ्याचं आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झला बोलते, काही चालींत ती उतरवून 73 वर आणली आहे. एवढा खर्ज त्या इवल्या स्पीकरला झेपत नाही. साधा इयरफोनही चालेल. धालोच्या मागे टपटप येते, तो शेजारच्या पत्र्यावरचा पाऊस. पौषातल्या धालोला आषाढाची साथ! पुन्हा वाजवून घेतलं होतं, पण पहिलंच बरं वाटलं.

घरी, गाडीत कितीही वाजवा. हॉटेलात किंवा जत्रेतल्या नाटकाच्या मध्यंतराला वाजवायचं असेल तर आधी विचारा. चाली पारंपरिक असल्या तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि कायद्याने तो 60 वर्षं चालतो. जत्रेतल्या नाटकाकडून आम्ही पैसे घेत नाही, परवानगीची चिठ्ठी तेवढी लिहून देतो.