फणस, खोबरेल आणि आठ अंशांचा उतार

गेल्या मे महिन्यात मागच्या पडवीत फणस कापायला बसलो होतो. कोयत्याने दोन भाग केले, पण गरे सोडवायला हाताशी होता तो खिशातला घडीचा चाकू. चीक चिकटू नये म्हणून, कोकणात सगळेच करतात तसं, हाताला आणि पात्याला बुडापर्यंत खोबरेल चोळलं. पाच-सहा गरे छान निघाले. मग पात्याचं टोक मधल्या कडक गाभ्यात रुतलं. ते सुटावं म्हणून मूठ वरखाली हलवली, तेवढ्यात उघडलेलं पातं जागी धरणारं लॉक सरकलं आणि पातं मिटलं ते थेट तर्जनीवर. चार टाके पडले.

टाके घालून घरी आलो तेव्हा सगळ्यांचं निदान तयार होतं: स्वस्तातला चाकू घेतला की असंच होणार. मला ते पटेना. तो चाकू आठ महिने माझ्या खिशात होता, त्याने दोऱ्या कापल्या होत्या, खोके फोडले होते, एकदाही दगा दिला नव्हता. मग त्याच दिवशी काय झालं? पुढच्या आठवड्यात मी तो स्क्रू काढून सुटा केला. त्याच सुमारास भाच्याचा फोन आला, “मामा, ट्रेकला न्यायला दोन हजारांच्या आत मजबूत लॉकचा चाकू सांग ना.” त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. कापताना लॉकला काहीच काम नसतं. भोपळा चिरताना जोर धारेवर येतो आणि तो पात्याला आणखी उघडायला बघतो. तिथे मुठीतली एक जाड पिन, स्टॉप पिन, त्याला अडवते. लॉकवर भार येतो तो उलट्या दिशेने जोर लागला तरच: टोक खुपसताना, किंवा रुतलेलं पातं हलवून काढताना, म्हणजे पात्याच्या पाठीवर दाब आला की. म्हणून “माझा चाकू नारळसुद्धा फोडतो” म्हणणाऱ्याला त्याच्या लॉकबद्दल अजून काहीही कळलेलं नसतं.

हा पाठीवरचा जोर लॉकपर्यंत पोचेपर्यंत फुगतो. शाळेत शिकलेली तरफ आठवा. पातं ज्या खिळीवर फिरतं तो टेकू. टोकाजवळची जागा टेकूपासून साधारण ८० मिलिमीटरवर, आणि टेकूच्या पलीकडे पात्याच्या बुडाला लॉक जिथे टेकतं ती जागा जेमतेम ८ मिलिमीटरवर. म्हणजे दहापट. टोकाकडे दहा किलोचा जोर लावलात की लॉकवर शंभर किलो येतात. फणसाच्या गाभ्यातून टोक उपसताना दहा किलो सहज लागतात.

आता हे शंभर किलो कोण पेलतं? स्वस्त चाकूंत सर्वांत जास्त दिसतं ते लायनर लॉक. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, स्प्रिंगसारखी किंचित आत वाकवलेली. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी टक् करून बाजूने आत येते आणि पात्याच्या बुडामागे उभी राहते. घाटात उतारावर ट्रक उभा केला की चाकामागे दगड लावतात, तसंच. अमेरिकेतले चाकू बनवणारे कारागीर मायकल वॉकर यांनी १९८०च्या दशकात या रचनेला आजचं रूप दिलं. पट्टीची कल्पना त्याआधीपासून होती, पण हल्ली दुकानात दिसणारं लायनर लॉक त्यांच्या रूपाचं आहे.

या रचनेतली सगळी गंमत एका कोनात आहे. पात्याचं बूड सरळ कापलेलं नसतं, त्याला तिरका उतार दिलेला असतो. पट्टी आत सरकते तशी या उतारावर पाचरीसारखी घट्ट होत जाते. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात ती का निसटत नाही? कारण पाचरीचा उतार इतका कमी असतो की तिला बाहेर ढकलणारा जोर घर्षणापेक्षा नेहमी थोडका पडतो. लेथवर काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. मोर्स टेपरमधला, म्हणजे निमुळत्या भोकात बसवलेला ड्रिल कुठल्याही बोल्टशिवाय जागीच बसतो तो याच तत्त्वावर.

घर्षण किती, हे घरी मोजता येतं. तीस सेंटीमीटरची स्टीलची मोजपट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाला दोन रुपयांचं नाणं ठेवा (ते स्टेनलेस स्टीलचंच असतं). नाण्याकडचं टोक सावकाश उचला. माझ्याकडे नाणं साधारण सहा सेंटीमीटर उंचीला घसरलं. उंची भागिले पाया, म्हणजे ६ भागिले २९.४, साधारण ०.२. हा झाला घर्षण गुणांक. मग मोजपट्टीवर खोबरेलाचं बोट फिरवलं आणि फडक्याने पुसून घेतलं. डोळ्यांना तेल दिसतसुद्धा नव्हतं, तरी नाणं साडेतीन सेंटीमीटरलाच घसरलं. गुणांक ०.१२ वर आला.

आता हेच आकडे लॉकला लावू. आठ अंशांच्या उताराचा टॅन, म्हणजे तेच उंची भागिले पाया, येतो ०.१४. म्हणजे शंभर किलोंपैकी चौदा किलो जोर पट्टीला बाजूला, बाहेर ढकलायला बघतो. कोरडं घर्षण तिला वीस किलोपर्यंत धरून ठेवू शकतं. चौदापेक्षा वीस जास्त, म्हणून लॉक टिकलं. दहा अंशांना बाहेर ढकलणारा जोर अठरा किलो होतो, तरी वीसच्या आत आहे. बारा अंशांना एकवीस किलो होतो, आणि पट्टी घसरू लागते.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण मला ती फार सुंदर वाटते. या हिशोबात शंभर किलोंच्या जागी दहा किलो घाला किंवा हजार घाला, निकाल बदलत नाही. ढकलणारा जोर आणि धरणारं घर्षण दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. उतार योग्य असेल तर जितकं दाबाल तितकी पाचर घट्ट बसते. उतार चुकला असेल तर पट्टीच्या स्वतःच्या स्प्रिंगचा किलो-दोन किलोंचा जोर संपला की ती सुटते, मग ती कितीही जाड असो. “आमचं लॉक इतकं वजन पेलतं” अशा जाहिरातीत हा कोन कधीच सांगितलेला नसतो.

मग उतार तीन अंशांचाच का ठेवत नाहीत? त्याचीही कारणं आहेत. एक, पाचर इतकी आवळते की अंगठ्याने पट्टी हलत नाही, चाकू मिटतच नाही. दुसरं कारण झिजेचं. वापरून वापरून समजा धातू ०.१ मिलिमीटर झिजला. ती फट भरून काढायला पट्टीला बाजूने पुढे सरकावं लागतं. आठ अंशांच्या उतारावर ती ०.७ मिलिमीटर सरकेल, तीन अंशांवर १.९ मिलिमीटर. पातंच तीन मिलिमीटर जाड, म्हणजे थोड्याशा झिजेत पट्टी पलीकडच्या बाजूला जाऊन टेकणार, आणि त्यानंतर पुढे जायला जागाच नाही. म्हणून चांगले कारागीर साडेसात-आठ अंशांच्या आसपास थांबतात.

कोन बरोबर असला तरी धातू टिकला पाहिजे. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी बुडाला दोन मिलिमीटर लांबीत टेकते असं धरलं, तर टेकण्याची जागा तीन चौरस मिलिमीटर. शंभर किलो म्हणजे सुमारे ९८० न्यूटन, भागिले तीन, म्हणजे जवळपास ३२७ मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन म्हणजे एक मेगापास्कल). साधं मऊ पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं दबतं. म्हणजे पट्टी न कडकवलेल्या पोलादाची असेल तर तिच्या टोकाला खळगा पडणार आणि कोन बदलणार. पट्टी पूर्ण न टेकता नुसत्या कोपऱ्यावर टेकत असेल तर दाब आणखी काही पट होतो. शिवाय दोन्ही टोकांनी दाबलेली पातळ पट्टी मध्येच वाकू बघते, आणि तिची न वाकण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटर घेतली की ती ३.४ पट होते. अर्धा मिलिमीटर पत्रा वाचवणारा चाकू कुठे मार खातो ते यावरून कळेल. चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांनी १९९०च्या सुमारास वेगळी पट्टी न घेता मुठीचीच जाड बाजू कापून लॉक केलं, फ्रेम लॉक, त्यामागे जाडीचं हेच गणित आहे.

माझ्या चाकूच्या बुडाचा फोनवर अगदी जवळून फोटो घेतला, मोठा करून छापला आणि कोनमापक ठेवला. दहा अंश. म्हणजे ढकलणारा जोर अठरा किलो आणि कोरड्यात धरणारं घर्षण वीस किलो, म्हणून आठ महिने सगळं सुरळीत. खोबरेल आत ओघळलं आणि वीसचे बारा झाले. खरं तर खोबरेलात आठ अंशसुद्धा काठावरच येतात. म्हणून तेल द्यायचं ते फक्त खिळीला, एक थेंब. पट्टीचं टोक आणि पात्याचं बूड पुसून कोरडं ठेवायचं.

माझी आजी रिकामी कात्री वाजवू द्यायची नाही, घरात भांडणं होतात म्हणायची. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, हेही तिचंच. भांडणाचा आणि कात्रीचा संबंध नाही, तो समज सोडून द्यावा. सुरी खाली ठेवण्यात मात्र बोटं वाचतात, तेवढं घ्यावं. आता त्या जागी नवे मंत्र आले आहेत: “मिलिटरी ग्रेड”, “सर्जिकल स्टील”, “टॅक्टिकल”. सर्जिकल स्टील नावाचं एकच ठरलेलं पोलाद नसतं. स्वस्त पात्यावरची “दमास्कस” नक्षी पुष्कळदा नुसती आम्लाने किंवा लेझरने उठवलेली असते. पात्यावर पोलादाचं नेमकं नाव असेल, ८सीआर१३एमओव्ही किंवा १४सी२८एन असं काही, तर निदान काय घेतो आहोत ते कळतं.

इतर लॉकबद्दल थोडक्यात. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीकडचा दांडा पात्याच्या खाचेत पडतो. बक या अमेरिकी कंपनीच्या १९६४च्या ‘११०’ चाकूने हा प्रकार जगभर नेला. तो भक्कम असतो, पण खाचेत खिशातला कचरा साठला की दांडा पूर्ण बसत नाही, काडीने साफ करत राहावं लागतं. आडव्या दांड्याचं लॉक बेंचमेड या अमेरिकी चाकू कंपनीने १९९८च्या सुमारास अ‍ॅक्सिस नावाने आणलं. पेटंटची मुदत संपल्यावर आता स्वस्त चाकूंतही ते मिळतं. मिटताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. आत ओमेगा अक्षराच्या आकाराच्या दोन बारीक स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी दुसरी काम चालवते.

आणि कमी पैशांत माझी पहिली पसंती फ्रान्सच्या सावोय (Savoie) प्रांतातल्या ओपिनेल चाकूला. जोसेफ ओपिनेल यांनी १८९०मध्ये शेतकऱ्यांसाठी हा लाकडी मुठीचा चाकू केला, आणि १९५५मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्याला फिरतं कडं बसवलं. पातं उघडलं की कडं बोटाने फिरवायचं, त्याची फट बाजूला जाते आणि पात्याच्या बुडामागे अखंड पोलाद येतं. मिटू पाहणारं पातं कड्याला सरळ ढकलतं, कडं मात्र फिरतं आडवं. जोराची दिशा आणि सुटण्याची दिशा वेगळी, म्हणून इथे आठ अंशांची चिंताच नाही. आठ नंबरचं पातं ८.५ सेंटीमीटरचं असतं, ट्रेकला पुरेसं. दोष दोन. कार्बन पोलादाचं पातं आपल्या पावसात एका रात्रीत गंजतं, तेव्हा “आयनॉक्स” छापलेलं स्टेनलेसचंच घ्यावं. आणि पावसाळ्यात बीच लाकडाची मूठ फुगते, पातं अडकून बसतं. चांगलं ऊन दाखवलं की सुटतं.

दुकानात काय बघायचं? लायनर लॉकचा चाकू उघडा आणि पट्टी पात्याच्या बुडाच्या किती भागावर आली आहे ते पाहा. नव्या चाकूत पाव ते अर्धा भाग झाकलेला असावा. नुसती कडेला टेकली असेल किंवा नवीन असूनच पलीकडे पोचली असेल तर परत ठेवा. टोक धरून पातं वरखाली हलवा. मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतात तो ढिलेपणा अजिबात नको. मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घेऊन, मूठ दोन्ही बाजूंनी धरून, पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर सावकाश दाबा. पट्टी तसूभरही हलता कामा नये. दाणदिशी आपटून बघणारे खूप असतात, पण धक्क्याने पट्टी क्षणभर उडते आणि चांगलं लॉकही सुटू शकतं, वर टोकाला खळगा पडतो तो वेगळाच. असं दहा-दहा वेळा उघडून दाबून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

आणखी एक. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरकाम-शेतीच्या साधनांना त्यातून वगळलं आहे. तरी सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलिसांचे वेगळे आदेश निघतात, त्यामुळे ट्रेकचा चाकू ट्रेकच्याच सॅकमध्ये ठेवावा. विमानात केबिनच्या सामानात तो चालत नाही.

भाच्याने शेवटी कड्याचाच घेतला. माझा जुना चाकू मी टाकलेला नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, तो व्हाइसमध्ये पकडला आणि पात्याच्या पाठीवर काठीने दाब दिला. दहाच्या दहा वेळा टिकला. मग पट्टीच्या टोकाला खोबरेलाचं एक बोट लावलं, आणि दहापैकी सात वेळा पातं मिटलं.