सत्तरी तालुका : लोकवस्ती आणि प्रशासन

उत्तर गोवा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि उतारांवर पसरलेला, वाळपई हे मुख्यालय असलेला ग्रामीण तालुका. क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. किमी. म्हणजे गोव्याच्या भूमीचा आठवा हिस्सा या एका तालुक्याने व्यापला आहे; परंतु २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ६४ हजार, म्हणजे राज्याच्या १४.५८ लाख लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहूनही कमी होती. दर चौ. किमी.ला राज्यात सरासरी ३९४ माणसे राहत असताना सत्तरीत ती जेमतेम १३० होती.

या विरळ वस्तीचे कारण भूगोलात आहे. म्हादई नदीचे खोरे, चोर्ला घाटाचा डोंगराळ पट्टा आणि १९९९ मध्ये घोषित झालेले सुमारे २०८ चौ. किमी.चे म्हादई अभयारण्य यांनी पूर्व भाग व्यापला असल्यामुळे लोक नदीकाठच्या सखल जागी, भातशेती, पोफळीची कुळागरे आणि काजूबागायती यांच्या आधाराने राहतात. होंड्याला औद्योगिक वसाहत आहे. सुर्ल, चरावणे यांसारखी डोंगरातली गावे मात्र मुख्यालयापासून दूर पडतात, आणि एका दाखल्यासाठी पूर्ण दिवस मोडावा लागणे तेथे नवे नाही.

तालुक्याचा महसुली कारभार उपजिल्हाधिकारी, मामलेदार आणि तलाठी पाहतात, तर विकासकामे गटविकास अधिकाऱ्यांकडे असतात. गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ अन्वये येथे ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत. तालुका पंचायत नाही. होंडा, केरी आणि नगरगाव हे जिल्हा पंचायतीचे, तर पर्ये आणि वाळपई हे विधानसभेचे मतदारसंघ आहेत. वाळपईस नगरपालिका आहे.

सत्तरीच्या प्रशासनातील खरा गुंता जमिनीचा आहे, आणि तो समजल्याखेरीज या तालुक्याचे वर्णन अपुरेच राहील. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात, आलेल्या या प्रदेशावर राणे घराण्यांची मोकासदारी (इनाम जमिनींची वतनदारी) होती. पोर्तुगीज सत्तेशी त्यांचे वारंवार खटके उडाले. १८५२ मधील दीपाजी राणे यांचे बंड त्यांतील एक प्रमुख. मोकासोच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अनेक कुटुंबांचे नाव १९६१ च्या मुक्तीनंतर तयार झालेल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) आलेच नाही. मतदारयादीत नाव असलेले, घरपट्टी भरणारे कुटुंब आपल्याच काजूबागायतीचे कायदेशीर मालक नसते, ही येथील अनेकांची स्थिती आहे. जमीन तारण ठेवून कर्ज काढणे त्यामुळे त्यांना कठीण जाते. गुळेली पंचायतीतील शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी जागा निश्चित झाली तेव्हा ग्रामस्थांनी कसत्या जमिनीच्या प्रश्नावरूनच तीव्र विरोध केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तेथील प्रकल्प मागे घ्यावा लागला.

अभयारण्याच्या हद्दीतील गावांत या प्रश्नाला वनहक्कांची जोड मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अशा दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून होते, आणि पुढे उपविभागीय व जिल्हा समितीकडे त्यांची छाननी होते.