पाय जमिनीला टेकण्याचा हट्ट नको

पुण्याहून लोणावळ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर, प्रथमच सायकलने जाणाऱ्याला घरातली वडीलधारी मंडळी एक सल्ला हमखास देतात: सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. काळजीपोटी दिलेला असला, तरी हा सल्ला चुकीचा आहे.

सीट इतकी खाली असली की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि तशा अवस्थेतच जोर लावावा लागल्याने वाटीमागचा दाब वाढतो. मंडईपर्यंतच्या फेरीत हे जाणवत नाही. पण मिनिटाला ७५ फेरे धरले, तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४५०० वेळा दुमडतो.

उंची ठरवण्यासाठी भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवावी आणि पाय जेमतेम सरळ होईल एवढी सीट वर घ्यावी. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. चालवताना कंबर दोन्ही बाजूंना डोलत असेल, तर सीट थोडी खाली घ्यावी. सीटच्या दांडीवरची मर्यादेची खूण मात्र कधीही बाहेर दिसता कामा नये.

पडण्याची भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे: सिग्नलला ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकावा. मोकळ्या मैदानात याचा सराव आधीच करावा.